श्वास मोजला का?

पावसाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी जिल्हा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत दोन रुग्ण पाठोपाठ आले असं समजू. पहिला २८ वर्षांचा तरुण. तीन दिवसांचा ताप आज १०३ वर गेलेला, हुडहुडी भरलेली, खोकल्यातून तांबूस बेडका पडतोय आणि खोल श्वास घेतला की उजव्या बरगडीखाली चमक निघते. फोटोत उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढराफटक. बरोबर चार मित्र, चौघेही घाबरलेले. दुसरे ७६ वर्षांचे आजोबा. ताप नाही, खोकला नावापुरता. कालपासून जेवण सोडलंय आणि सकाळपासून काहीबाही बोलताहेत, मुलाला भावाच्या नावाने हाक मारताहेत. घरच्यांचं म्हणणं, अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा म्हणजे तरतरी येईल. त्यांच्या फोटोत खाली एक पुसट डाग आहे, कुणी बोट ठेवून दाखवल्याशिवाय दिसणार नाही असा.

दोघांनाही न्यूमोनियाच झालाय. दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले तर कुणीही तरुणाचा फोटो बघून म्हणेल की हा जास्त आजारी. प्रत्यक्षात उलट आहे. पोटात गोळ्या टिकत असतील आणि घरी लक्ष ठेवणारं कुणी असेल, तर तरुणाला गोळ्या देऊन घरी पाठवता येईल. आजोबांसाठी मात्र रात्र व्हायच्या आत आयसीयूतली खाट बघावी लागेल. डाग केवढा आहे यापेक्षा तो कुणाच्या छातीत आहे आणि त्या माणसाचं बाकीचं शरीर कसं तग धरून आहे, यावर न्यूमोनियाचं गांभीर्य ठरतं. जुन्या डॉक्टरांना हे अनुभवाने कळत होतंच. गेल्या तीसेक वर्षांत त्याचा रीतसर हिशेब मांडला गेला, आणि तो इतका सोपा निघाला की त्यातला बराचसा घरच्या माणसालाही करता येतो.

छातीत काय घडतं

इथे विषय आहे तो घरीदारी, कामावर, बसमध्ये वावरताना जडणाऱ्या न्यूमोनियाचा. रुग्णालयात दाखल होऊन ४८ तास उलटल्यावर जो होतो, त्याचे जंतू आणि औषधं बरीच वेगळी असतात, म्हणून डॉक्टर त्याचा विचार वेगळा करतात.

श्वासनलिकेच्या फांद्यांच्या टोकांना द्राक्षांच्या घडासारखे वायुकोश लगडलेले असतात, दोन्ही फुप्फुसांत मिळून सरासरी ४८ कोटी. त्यांच्या भिंती अतिशय पातळ असल्याने आतल्या हवेतला ऑक्सिजन पलीकडच्या रक्तात सहज उतरतो. जंतू तिथवर पोचले आणि शरीराचा बंदोबस्त अपुरा पडला की वायुकोशांत द्रव, पांढऱ्या पेशी आणि पू साचतो. हवेची जागा द्रवाने घेतली म्हणून एक्स-रेत काळ्याच्या जागी पांढरं दिसतं. त्या भागातून रक्त वाहत राहतं, पण ऑक्सिजन न घेताच परत फिरतं. ही तूट भरून काढण्यासाठी मेंदूतलं श्वसनकेंद्र श्वासाचा वेग वाढवतं. ताठर झालेल्या फुप्फुसाकडूनही मज्जातंतूंमार्फत तीच सूचना जाते. त्यामुळे बाकीचं काही बिघडायच्या आधी बहुतेक वेळा श्वास वाढलेला असतो.

एवढ्यावर निभावलं तर आजार छातीपुरता राहतो. गंभीर न्यूमोनियात तो छातीबाहेर पडतो. दाहाची रसायनं रक्तातून सगळीकडे पोचतात. रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांच्या भिंतींतून पाणी झिरपायला लागतं आणि रक्तदाब उतरतो. मूत्रपिंडांना पुरेसं रक्त मिळेनासं झालं की युरिया साचतो. मेंदूवर परिणाम झाला की माणूस गोंधळतो, बरळतो, नाहीतर नुसता झोपून राहतो. यालाच सेप्सिस म्हणतात. न्यूमोनियाने जाणारे अनेक रुग्ण या टप्प्यात हाताबाहेर जातात.

पाच प्रश्न, पाच गुण

२००३ साली 'थोरॅक्स' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोजपट्टी प्रसिद्ध झाली. ब्रिटन, न्यूझीलंड आणि नेदरलँड्समधल्या रुग्णालयांत दाखल झालेल्या हजाराहून अधिक रुग्णांच्या नोंदींवर ती बेतलेली होती. तिचं नाव कर्ब-६५. तिच्यात पाचच प्रश्न आहेत आणि प्रत्येक 'हो'ला एक गुण.

रुग्णाला आपण कुठे आहोत, आज वार कोणता, समोर कोण उभं आहे हे नीट सांगता येत नाही का? रक्तातला युरिया लिटरला ७ मिलिमोलच्या वर आहे का? आपल्याकडच्या लॅबच्या रिपोर्टात ब्लड युरिया मिलिग्रॅममध्ये लिहितात, त्या हिशेबाने ही मर्यादा साधारण ४२ येते. श्वास मिनिटाला ३० किंवा त्याहून जास्त आहे का? वरचा रक्तदाब ९० च्या खाली, किंवा खालचा ६० किंवा त्याहून कमी आहे का? वय ६५ किंवा त्याहून जास्त आहे का?

त्या अभ्यासात शून्य किंवा एक गुण मिळालेल्यांपैकी ३० दिवसांत दगावणारे शंभरात दीडच्या आसपास होते. दोन गुणांना हे प्रमाण शंभरात नऊ झालं आणि तीन किंवा अधिक गुणांना बावीस. म्हणून सर्वसाधारण रीत अशी पडली की पहिल्या गटाला घरी उपचार देता येतात, दुसऱ्याला वॉर्डात ठेवावं आणि तिसऱ्याला आयसीयूच्या टप्प्यात.

आपल्या दोन रुग्णांना हे लावून बघू. तरुणाची नाडी ११२, श्वास २४, रक्तदाब ११८/७६, युरिया २८, बोलणं स्वच्छ. गुण शून्य. आजोबांचा श्वास ३२, युरिया ६८, रक्तदाब १०४/६४. बरळण्याचा एक, युरियाचा एक, श्वासाचा एक, वयाचा एक, असे चार. रक्तदाबाचा गुण त्यांना मिळत नाही. पण केसपेपरवर 'जुना बीपीचा पेशंट' असं लिहिलेलं असेल आणि एरवी वरचा आकडा १५० असायचा हे माहीत असेल, तर आजचा १०४ दिसायला चांगला असला तरी त्यांच्यासाठी तो उतरलेलाच आहे. मोजपट्टीला हे कळत नाही, डॉक्टरला कळावं लागतं.

या पाच प्रश्नांत काय नाही हेही बघण्यासारखं आहे. ताप किती हे कुणी विचारलेलं नाही, आणि एक्स-रेतल्या डागाचा आकारही नाही. घरचे लोक ज्या दोन गोष्टींवरून घाबरतात किंवा निर्धास्त होतात, त्या दोन्ही इथे गैरहजर आहेत. अंग थंड पडणं मात्र वाईट. अमेरिकेतल्या छातीविकार आणि संसर्गरोग तज्ज्ञांच्या संघटनांनी तीव्र न्यूमोनियाचे जे निकष ठरवले, त्यांत शरीराचं तापमान ३६ अंश सेल्सिअसच्या खाली जाणं हा एक निकष आहे. पांढऱ्या पेशी वाढण्याऐवजी चार हजारांच्या खाली जाणं हा दुसरा. शरीराची झुंजायची ताकद संपत आल्याची ती खूण असते.

याच्याही आधी, १९९७ साली, पिट्सबर्गच्या डॉ. मायकल फाइन आणि सहकाऱ्यांनी एक जास्त तपशिलाची मोजपट्टी काढली होती, न्यूमोनिया सिव्हिरिटी इंडेक्स. ती १४,१९९ रुग्णांच्या नोंदींवरून तयार केली आणि आणखी ३८,०३९ रुग्णांवर ताडून पाहिली. तिच्यात वीस बाबी आहेत. पुरुषाला वयाइतके गुण, बाईला वयापेक्षा दहा कमी. कर्करोग असेल तर ३०, यकृताचा आजार असेल तर २०, हृदयाचा कमकुवतपणा, लकवा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रत्येकी १०. मग श्वास, नाडी, रक्तदाब आणि रक्ताच्या तपासण्यांचे गुण. आजोबांना दुसरा कुठलाही आजार नाही असं धरलं तरी वयाचे ७६ आणि बरळणं, श्वास व युरिया यांचे प्रत्येकी २० मिळून १३६ होतात. १३० च्या वर पाचवा, म्हणजे शेवटचा वर्ग लागतो. त्या अभ्यासात या वर्गातल्या शंभरातले सुमारे २७ जण दगावले होते. तरुण पहिल्या वर्गात बसतो. तिथे हे प्रमाण हजारात एक होतं.

डॉ. फाइन यांचा मूळ हेतू गंभीर रुग्ण शोधण्याचा नव्हताच. अमेरिकेत घरी बरे होऊ शकणारे पुष्कळ रुग्ण विनाकारण भरती होत होते आणि खर्च वाढत होता. कुणाला निर्धास्तपणे घरी पाठवता येईल हे त्यांना ठरवायचं होतं. भारतात प्रश्न अनेकदा उलटा असतो, खाट कुणाला आधी द्यायची हा. २०१२ साली भारतीय छातीविकारतज्ज्ञांच्या दोन संघटनांनी मिळून मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत युरिया वगळून उरलेले चार प्रश्न आणि जोडीला ऑक्सिमीटर अशी पद्धत सुचवली. रात्री अकराला लॅब बंद असलेल्या दवाखान्यातही ती वापरता येते.

दाखल होतं कोण

२०१० ते २०१२ या काळात शिकागो आणि नॅशव्हिलच्या रुग्णालयांत न्यूमोनियाने दाखल झालेल्या प्रौढांचा मोठा अभ्यास झाला. सगळ्या प्रौढांचा विचार केला तर वर्षाला दहा हजारांत सुमारे २५ जण दाखल होत होते. ऐंशी ओलांडलेल्यांत हाच आकडा १६४ होता. दाखल झालेल्यांपैकी २१ टक्क्यांना आयसीयू लागला आणि २ टक्के रुग्णालयातच गेले. त्यानंतर २०१४ ते २०१६ मध्ये लुईव्हिल शहरात सुमारे साडेसात हजार रुग्णांचा मागोवा घेतला गेला. तिथे रुग्णालयात ६.५ टक्के, महिन्याभरात १३ टक्के आणि वर्षभरात जवळपास ३१ टक्के दगावले. दोन अभ्यासांतला हा फरक निव्वळ जंतूंचा नव्हता. पहिल्या अभ्यासाने प्रतिकारशक्ती फार खालावलेले आणि नर्सिंग होममध्ये अंथरुणाला खिळलेले रुग्ण मुळात घेतलेच नव्हते. म्हणून मृत्यूचा टक्का ऐकला की आधी विचारावं, कोणते रुग्ण मोजले?

म्हातारपणात खोकल्याची उबळ बोथट होते. झोपेत थोडी लाळ श्वासनलिकेत उतरणं सगळ्यांच्याच बाबतीत घडतं, पण तरुण माणूस ती खोकून किंवा पेशींच्या जोरावर निस्तरतो. लकवा, पार्किन्सन्स किंवा स्मृतिभ्रंश असलेल्याला गिळणंच नीट जमत नाही, आणि अन्नाचा कण, पाणी, तोंडातले जंतू खाली जातात. दात किंवा कवळी अस्वच्छ असेल तर ते जंतू अधिक वाईट असतात. वयाबरोबर ताप चढवण्याची शरीराची क्षमताही घटते. म्हणूनच म्हाताऱ्या माणसाचा न्यूमोनिया पुष्कळदा खोकल्याऐवजी पडणं, न जेवणं, अंथरुणात लघवी होणं किंवा बरळणं या रूपात समोर येतो.

आपल्याकडे वयाच्या बरोबरीने मधुमेहाचा विचार करावा लागतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत देशात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींच्या वर असल्याचा अंदाज आला. साखर वाढलेली असली की जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात, आणि संसर्ग झाला की साखर आणखी चढते. न्यूमोनियाने दाखल झालेल्या पन्नाशीच्या माणसाची साखर साडेतीनशे निघते आणि नातेवाईक वॉर्डातल्या डॉक्टरला धरतात, 'आमच्याकडे शुगर कुणालाच नव्हती, इथे आल्यावर कशी झाली?' बहुतेक वेळा ती कित्येक वर्षांची असते, फक्त तपासलेली नसते.

आधीच खराब असलेलं फुप्फुस हा आणखी एक धोका. बिडी-सिगारेटने होणारा दम सगळ्यांना माहीत आहे. पण आयुष्यात कधी बिडी न ओढलेल्या बाईलाही तो होतो, कारण तीस-चाळीस वर्षं तिने चुलीपुढे धूर खाल्लेला असतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये हा विषय जगापुढे मांडला. केसपेपरवर 'धूम्रपान नाही' असं लिहून डॉक्टर पुढे गेला, तर या बाईचा दम निसटतो. दारूचंही तसंच आहे. झिंगेत खोकल्याची उबळ येत नाही, उलटी छातीत जाते, खाणंपिणं आधीच आबाळलेलं असतं. सांधेदुखीसाठी कुठल्यातरी वैदूकडून वर्षानुवर्षं आणलेल्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड निघतं आणि प्रतिकारशक्ती आतून पोखरलेली असते. हे सगळं विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

हृदयाचा संबंध मात्र फार उशिरा लक्षात आला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ह्यूस्टनच्या एका रुग्णालयात न्यूमोकोकस जंतूच्या न्यूमोनियाने दाखल झालेले १७० रुग्ण तपासले, तेव्हा जवळपास पाचातल्या एकाला रुग्णालयाच्या त्याच मुक्कामात हृदयविकाराचा झटका, ठोक्यांची गंभीर गडबड किंवा हृदय कमकुवत होण्याचा त्रास झालेला आढळला. ऑक्सिजनची तूट, वाढलेली नाडी आणि दाहाने चिकट झालेलं रक्त यांचा भार आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांवर पडतो. छातीविकाराच्या वॉर्डातल्या रुग्णाचा ईसीजी काढतात तो याचसाठी.

औषध असूनही

अँटिबायोटिक आली म्हणजे हा सगळा हिशेब कालबाह्य झाला असं वाटू शकतं. १९६४ साली रॉबर्ट ऑस्ट्रियन आणि जेरोम गोल्ड यांनी ब्रुकलिनच्या किंग्ज काउंटी रुग्णालयातली निरीक्षणं प्रसिद्ध केली. रक्तात न्यूमोकोकस पोचलेल्या रुग्णांना पेनिसिलिन मिळालं तर एकूण मृत्यू खूप घटत होते. पण आजाराच्या पहिल्या पाच दिवसांत जे जात होते, त्यांच्या संख्येत पेनिसिलिनने फारसा फरक पडत नव्हता. औषध जंतूंना मारतं. तोवर शरीरात जो गोंधळ सुरू झालेला असतो तो थांबवणं त्याच्या हातात नसतं.

साठ वर्षांनंतरही हे निरीक्षण टिकून आहे, म्हणून आता त्या गोंधळावरही उपचार शोधले जातात. फ्रान्समधल्या आयसीयूंत सुमारे आठशे तीव्र रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. अर्ध्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं. २८ दिवसांत त्यांच्यातले ६.२ टक्के दगावले, बाकीच्यांतले ११.९ टक्के. हेच स्टेरॉइड साध्या न्यूमोनियाच्या रुग्णाला उगाच दिलं तर फायदा नाही, शिवाय साखर वाढते. म्हणजे कुणाचा आजार तीव्र आहे हे आधी नीट ठरवलं तरच हे औषध उपयोगी.

जंतू कोणता हे तर पुष्कळदा कळतच नाही. शिकागो-नॅशव्हिलच्या त्या अभ्यासात आधुनिक तपासण्या हाताशी असूनही ३८ टक्के रुग्णांतच जंतू सापडला, आणि सापडलेल्यांत बॅक्टेरियापेक्षा विषाणू जास्त होते. जंतूचं नाव हाती नसताना डॉक्टरला औषध निवडावं लागतं, आणि त्यासाठी आधार उरतो तो रुग्णाचा: वय, जुने आजार, गावात काय साथ चालू आहे आणि आत्ताची तीव्रता.

मोजपट्टी कुठे फसते

गुण शून्य आले म्हणून कुणी बिनधास्त राहू नये. कर्ब-६५ मध्ये ऑक्सिजन नाही. तरुण, धडधाकट माणसाचा ऑक्सिजन ८८ वर आला तरी त्याचं बोलणं स्वच्छ असतं, रक्तदाब उत्तम असतो, युरिया साधारण असतो. २००९ साली स्वाइन फ्लूची साथ आली आणि देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. त्या साथीत गरोदर बायका, लठ्ठ माणसं आणि विशी-तिशीतले तरुण मोठ्या संख्येने गंभीर झाले. वयाला झुकतं माप देणाऱ्या मोजपट्ट्यांना ते पकडता येत नव्हते. कोविडने हाच धडा घरोघरी पोचवला आणि ऑक्सिमीटर थर्मामीटरच्या शेजारी आला. मात्र बोटं थंड असतील, नखाला रंग लावलेला असेल किंवा हात हलत असेल तर तो चुकीचा आकडा दाखवतो, हे लक्षात ठेवून दोनदा बघावं.

आपल्या भागात आणखी एक सावधगिरी लागते. न्यूमोनिया वाटणारा आजार क्षयरोग निघू शकतो. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. खोकला दोन आठवड्यांहून जुना, वजन घटलेलं, डाग फुप्फुसाच्या वरच्या भागात, अशा वेळी बेडक्याची तपासणी व्हायलाच हवी. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधं क्षयाच्या जंतूंवरही थोडीफार चालतात. त्यांनी रुग्णाला चार दिवस बरं वाटतं आणि निदान महिनाभर पुढे जातं. म्हणून भारतीय मार्गदर्शक सूचना ही औषधं न्यूमोनियात सरसकट वापरू नका म्हणतात. पावसाळ्यात कोकण-मुंबईत लेप्टोस्पायरोसिस, विदर्भात स्क्रब टायफस, पश्चिम किनाऱ्यावर मधुमेह असलेल्या शेतकऱ्याला मातीतून होणारा मेलिऑइडोसिस, या सगळ्यांचा एक्स-रे न्यूमोनियासारखा दिसू शकतो आणि नेहमीचं औषध त्यांना पुरत नाही. रुग्ण भातखाचरात राबत होता की कचेरीत बसत होता, या प्रश्नाला म्हणून किंमत आहे.

आणि काही गोष्टी रक्ताच्या रिपोर्टात येतच नाहीत. घरात एकटी राहणारी सत्तरीची बाई, गाव रस्त्यापासून दूर, रात्री गाडी मिळत नाही. गुण एकच असला तरी तिला दोन दिवस ठेवून घेणं शहाणपणाचं.

एक पूर्ण मिनिट

या सगळ्या आकड्यांत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित आकडा श्वासाचा आहे. कुठल्याही मोठ्या रुग्णालयातले केसपेपर चाळा. नाडी ८८, १०४, ११६ अशी प्रत्येकाची वेगळी असेल, रक्तदाबही वेगळा असेल. श्वासाच्या रकान्यात मात्र अनेकदा १८, २०, २० हेच आकडे ओळीने दिसतात. रक्तदाबाला यंत्र आहे, ऑक्सिजनला यंत्र आहे. श्वासाला पूर्ण मिनिट उभं राहावं लागतं, आणि गर्दीच्या ओपीडीत तेवढंच नसतं. मग अंदाजाने २० लिहिलं जातं.

मोजायची पद्धत अवघड नाही. रुग्णाला 'तुमचा श्वास मोजतोय' असं सांगू नये, सांगितलं की श्वास बदलतो. नाडी बघतोय असं भासवत मनगट धरून ठेवायचं आणि नजर छातीवर किंवा पोटावर. वर येऊन खाली गेलं की एक. पंधरा सेकंदांचे चारपट करू नये, कारण आजारी माणसाचा श्वास सारखा चालत नाही. पूर्ण साठ सेकंद मोजायचं. निरोगी प्रौढाचा श्वास विश्रांतीत १२ ते २० असतो. पंचविशीच्या पुढे गेला की डॉक्टर गाठावा, तिशीला पोचला की रुग्णालय. वाक्य मध्येच तोडून श्वास घ्यावा लागत असेल, मानेचे स्नायू ताठत असतील, तर मोजत बसायचीही गरज नाही.

या एका आकड्याच्या जोरावर काय साधतं हे गडचिरोलीत दिसलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८८ साली तिथल्या ५८ गावांत बालन्यूमोनियाचा प्रयोग सुरू केला. गावातल्याच आरोग्यसेवकांना आणि सुइणींना बाळाचा श्वास मोजायला आणि को-ट्रायमॉक्साझोल हे साधं औषध द्यायला शिकवलं. आकडे न येणाऱ्या सुइणींसाठी मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधन बनवलं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. एक्स-रे नाही, रक्ततपासणी नाही. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. पाच वर्षांखालच्या हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू तुलनेसाठी घेतलेल्या ४४ गावांत १७.५ होते, प्रयोगाच्या गावांत ८.१. बाळांसाठी मर्यादा वेगळ्या आहेत: दोन महिन्यांपर्यंत मिनिटाला ६०, दोन ते बारा महिने ५०, एक ते पाच वर्षं ४०. श्वास तिथवर पोचला किंवा त्याच्या वर गेला तर ताप असो वा नसो, दाखवायचं.

घरी सोडल्यानंतर

रुग्ण सुधारतोय हेही एक्स-रेवरून ठरवत नाहीत. ताप १०० च्या आत, नाडी शंभराखाली, श्वास २४ च्या आत, वरचा रक्तदाब नव्वदच्या वर, ऑक्सिजन नव्वदच्या वर, तोंडाने खाणं सुरू आणि बोलणं पहिल्यासारखं, एवढं जमलं की रुग्ण स्थिरावला. त्यानंतर साध्या रुग्णाला बहुधा एकूण पाच दिवसांचं अँटिबायोटिक पुरतं. फोटोतला डाग मात्र रेंगाळतो, धडधाकट तरुणात महिनाभर आणि म्हाताऱ्या माणसात दोन-तीन महिनेही. आठव्या दिवशी फोटो काढून 'अजून डाग आहे' म्हणत नवं अँटिबायोटिक सुरू करण्यात अर्थ नाही. पन्नाशी उलटलेला, बिडी ओढणारा रुग्ण असेल आणि डाग कित्येक आठवडे हलत नसेल, तर त्यामागे गाठ लपलेली नाही ना हे बघावं लागतं.

लुईव्हिलमधले ते एकतीस टक्के वर्षभरात गेले, त्यातले निम्म्याहून जास्त पहिल्या महिन्यानंतर. त्यांची छाती तोवर बहुधा बरी झालेली होती. आधीचा हृदयविकार, मधुमेह, दम, अशक्तपणा हे मात्र तसेच होते, किंवा एका आजारपणाने एक पायरी खाली गेले होते. म्हणून डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या नावांखाली आणखी काही ओळी असायला हव्यात: साखरेची पुन्हा तपासणी कधी, हृदयाच्या डॉक्टरकडे कधी जायचं, बिडी सोडण्यासाठी कुठे भेटायचं, गिळताना ठसका लागतो का हे कुणी तपासायचं.

आणि लस. बाळांसाठीची न्यूमोकोकल लस २०२१ पासून देशभरच्या सरकारी लसीकरणात आहे. त्याआधी, २०२० च्या डिसेंबरात, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने दहा प्रकारच्या न्यूमोकोकसविरुद्ध स्वतःची स्वस्त लस बाजारात आणली होती. मोठ्यांना मात्र न्यूमोकोकल लस बहुतांशी स्वतःच्या खर्चाने घ्यावी लागते, आणि बहुतेकांना ती आहे हेच ठाऊक नसतं. नेदरलँड्समध्ये ६५ वर्षांवरच्या सुमारे ८५ हजार लोकांवर झालेल्या चाचणीत, लसीत समाविष्ट असलेल्या प्रकारांमुळे होणारा न्यूमोनिया जवळपास ४६ टक्क्यांनी घटला. सगळ्याच कारणांनी होणारे न्यूमोनिया त्या लसीने लक्षणीय कमी झाले नाहीत, हेही त्याच चाचणीत दिसलं. म्हणून तिच्या जोडीला दरवर्षी फ्लूची लस. पासष्टी उलटलेले, मधुमेह, दम, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले, यांनी या दोन्ही लसींबद्दल आपल्या डॉक्टरला पुढच्या भेटीत स्वतःहून विचारावं. एकदा न्यूमोनियाने दाखल होऊन आलेल्यांनी तर फेरतपासणीलाच हा प्रश्न काढावा, कारण ज्यामुळे पहिला न्यूमोनिया झाला ते कारण बहुधा अजून घरातच असतं.